त्या दिवशीचं त्या दिवशी

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म आमच्या निफाडचा, १८ जानेवारी १८४२. तालुक्यातल्या पोरांना हे शाळेतच पाठ होतं. मात्र मरणाआधी काही महिने हा माणूस काय वाचत बसला होता, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तेव्हापासून माझ्या रात्रीच्या वहीकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

रानडे वाचत होते ती पेशव्यांची रोजनिशी. पुण्याच्या दफ्तरात मोडीतले रुमालच्या रुमाल पडून होते. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतून वेचे निवडून उतरवून काढले होते. शाहू छत्रपतींच्या राज्यारोहणापासून दुसऱ्या बाजीरावापर्यंतचा, शंभरेक वर्षांचा हा ऐवज. १९०० साली रानड्यांनी त्यावर इंग्रजीत एक दीर्घ निबंध मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे वाचला आणि १६ जानेवारी १९०१ ला ते गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. बखरींतून लढाया, कारस्थानं आणि राजांच्या मसलती कळतात. रयत कशी जगत होती हे कळायचं तर रोजनिशीकडे जावं लागतं. धान्याचे भाव, मजुरी, दंड, इनामं, टांकसाळी, वेठबिगार, मुलीच्या लग्नात पैसे घेऊ नयेत म्हणून वाई प्रांतात काढलेले हुकूम, हे सगळं तिथे आहे.

आमच्या नाशिकचंही त्यात आहे. नाशिकात एक गुजराती वैद्य होता. येईल त्याला तो फुकट औषध द्यायचा, म्हणून सरकारनं त्याचं इनाम चालू ठेवलं. पुढे मुलगाही तेच काम नीट करतो अशी खात्री झाल्यावर ते मुलाकडे चालवलं. नाशिकच्या काही धर्माधिकाऱ्यांवर मद्यपानाचा आरोप आला, ते कबूल होईनात, तेव्हा त्यांना किल्ल्यावर कैदेत पाठवलं, हेही आहे.

हे लिहिणारा कोण, तर दफ्तरातला एक कारकून. दिवस मावळायच्या आत आजचा हुकूम, आजचा खर्च, आजची तक्रार कागदावर उतरवायची, एवढंच त्याचं काम. वैद्याची ओळ लिहिताना पुढे कधी तरी निफाडचा एक न्यायाधीश ती वाचेल, असं त्याच्या मनातही आलं नसणार. त्यामुळेच त्या ओळीवर माझा विश्वास बसतो. पुढं काय महत्त्वाचं ठरणार हे ठाऊक नसताना लिहिलेलं आहे ते. सगळं घडून गेल्यावर जो लिहायला बसतो, तो कळत-नकळत निवड करतो. त्याला शेवट माहीत असतो.

मी द्राक्ष बागाईतदार. शेत निफाड तालुक्यात, गोदाकाठाला. माझी वही इतिहासासाठी सुरू झाली नाही, युरोपासाठी झाली. २००३ साली द्राक्षातल्या औषधांच्या अंशावरून युरोपानं डोळे वटारले. त्यानंतर २००६ पासून अपेडा या सरकारी निर्यात-संस्थेची ग्रेपनेट पद्धत आली: प्रत्येक प्लॉटची नोंदणी, प्रत्येक फवारणीची नोंद, काढणीआधी प्रयोगशाळेचा दाखला. वहीत रकाने आखले. तारीख, छाटणीपासूनचा दिवस, औषध, प्रमाण, किती लिटर पाणी, मजूर किती, आभाळ कसं, आणि शेवटी शेरा.

बाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं, की ऑक्टोबरची छाटणी झाली की आमची तारीख बदलते. घरात कुणी विचारलं, ‘आज काय?’ तर उत्तर येतं, ‘पंचेचाळिसावा दिवस.’ डोळे फुटले कधी, घड दिसले कधी, जीएचं (वाढ-संजीवकाचं) डिपिंग कितव्या दिवशी, मण्यात पाणी कधी उतरलं, सगळं छाटणीपासून मोजायचं. डाऊनी रोगाचं औषध आज मारलं तर काढणीला किती दिवस उरतात, हे डोक्यात ठेवून भागत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशावरून आपला माल युरोपात अडकला, तेव्हा ज्याची वही त्या त्या दिवशीच भरलेली होती, त्याला निदान आपल्या बागेत काय झालं ते छातीठोकपणे सांगता आलं. हंगाम संपल्यावर एका बैठकीत, एकाच पेनानं भरलेली वही हातात घेतली की लगेच ओळखू येते. शाई एकसारखी, अक्षर एकसारखं, आणि एकाही पानावर औषधाचा डाग नाही.

माझ्या वहीत वाढत गेला तो शेऱ्याचा रकाना. आधी तिथे ‘वारा जास्त, फवारणी थांबवली’ एवढंच असायचं. मग ‘निफाडचा पारा उतरला, पहाटे बागेत शेकोट्या केल्या’. मग ‘आई आज जेवली नाही’. ‘थोरलीचा निकाल’. ‘विहिरीची मोटर जळाली, भावाशी बोलणं नाही’. २०११ सालच्या एका पानावर भुरीच्या फवारणीची नोंद आहे आणि तिच्या खाली, त्याच निळ्या शाईत, ‘पहाटे दादा गेले’. आमच्याकडे वडलांना दादा म्हणतात. दुसऱ्या दिवसाचं पान कोरं आहे, तिसऱ्या दिवशी पुन्हा मजूर किती ते लिहिलं आहे, कारण बाग थांबत नाही. त्या वर्षी मी रडलो की नाही हे मला आठवत नाही. ते कोरं पान मात्र मी अजून उघडून बघतो.

दादांच्या अस्थी घेऊन आम्ही नाशिकच्या रामकुंडावर गेलो आणि तिथे मला माझ्या वहीची पणजी भेटली.

रामकुंडावर परगावचा माणूस उतरला की त्याला पहिला प्रश्न येतो, ‘गाव कोणतं? आडनाव काय?’ तेवढ्यावर कळतं की याचे उपाध्ये कोण. नाशिक-त्र्यंबकची तीर्थोपाध्यायांची घराणी गावं आणि आडनावं वाटून घेऊन पिढ्यान्पिढ्या हे काम करत आली. त्यांच्याकडे नामावळी असतात, काहीजण चोपडे म्हणतात. लांबट जाड कागदाचे गठ्ठे, कापडात बांधलेले. यात्रेकरू आला की त्यानं त्यात स्वतःच्या हातानं लिहायचं: मी कोण, बाप कोण, आजा कोण, भाऊ किती, मुलं किती, सोबत कोण आलं, कशासाठी आलो आणि तिथी. खाली सही. पुढच्या वेळी घरातलं कुणी आलं की उपाध्ये तेच पान काढून वाचून दाखवतात आणि माणूस त्याखाली पुढची ओळ लिहितो. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही अशाच. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या वंशावळी जमवणाऱ्या एका संस्थेनं तिकडच्या वह्यांची सूक्ष्मचित्रं घेतली, इतकं मोल त्या वह्यांना आहे. वारसाच्या दाव्यांत अशी पानं न्यायालयापुढे पुरावा म्हणून ठेवली गेली आहेत.

उपाध्यायांनी आमचा गठ्ठा सोडला. सगळ्यात खाली आजोबांची ओळ, १९५६ च्या सिंहस्थातली. चौथी शिकलेल्या माणसाचं गोल, दाबून लिहिलेलं बाळबोध अक्षर. विधी झाला, मंडळी कोण कोण आली, आणि शेवटी, कुणी विचारलं नसताना, ‘यंदा विहिरीस पाणी लागले’. मी ती ओळ तीनदा वाचली. त्या विहिरीवर माझी बाग उभी आहे. ती कधी खोदली, यावर आमच्या घरात चुलते आणि दादा जन्मभर वाद घालत होते, आणि उत्तर पंचवटीतल्या एका माळ्यावर कापडात बांधून ठेवलेलं होतं.

तिच्या वरच्या दोन ओळी मोडीत होत्या. उपाध्यायांनी बोट फिरवत त्या वाचल्या. जुनी ओळ शके १८१८ ची, म्हणजे १८९६ चा सिंहस्थ. ती खापरपणजोबांची, पण त्यांच्या हातची नव्हे. त्यांना लिहिता येत नव्हतं. उपाध्यायांच्या पूर्वजानं लिहिलं आणि शेजारी निशाणी काढली: नांगर. जुन्या मराठी कागदांवर पाटील-कुणब्याची सही म्हणून नांगर असतो हे मी वाचलं होतं. आपल्या घराचा नांगर मात्र पहिल्यांदा बघितला. इवलासा, दोन-तीन रेघांचा. त्या ओळीत मुलं दोन, दोघांची नावं. पुढची ओळ १९०८ च्या सिंहस्थाची, तिच्यात मुलगा एक. मधल्या बारा वर्षांत १८९६–९७ चा दुष्काळ होऊन गेला, मुंबईतून उठलेला प्लेग होऊन गेला, संवत १९५६ चा, म्हणजे १८९९–१९०० चा, छप्पनचा दुष्काळ होऊन गेला. धाकट्याचं नाव पुन्हा कुठेच नाही. आमच्या घरात त्या पोराबद्दल कुणी कधी बोललेलं मी ऐकलं नाही. तो होता, एवढंही आम्हाला ठाऊक नव्हतं. दादांच्या अस्थी हातात होत्या आणि मी एका शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच्या मुलाचं सुतक धरल्यासारखा बसलो.

मग मी खाली लिहिलं. दादांचं नाव, माझं, भावाचं, मुलांचं. लिहिताना हात थरथरत होता. इथे खाडाखोड करता येत नाही.

२०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि कुणबी नोंदींसाठी जुन्या दफ्तरांची धूळ झटकली गेली. मोडी वाचणाऱ्या माणसांना एकदम मागणी आली. गावोगावची माणसं खापरपणजोबाच्या नावाची एक ओळ शोधत फिरत होती. त्या शोधाच्या राजकारणावर बोलण्याची ही जागा नाही. मला दिसलं ते एवढंच, की शंभर वर्षांपूर्वी कुणी तरी कंटाळा न करता एक ओळ लिहिली होती की नाही, यावर आज एखाद्या पोराचा जातीचा दाखला अडून होता.

नामावळीत एक गोष्ट मात्र मला खुपली, आणि ती अजून खुपते. आमच्या पानावर पुरुषांच्या पिढ्या नावानिशी आहेत. बायका ‘मातोश्री’ आहेत, ‘कुटुंब’ आहेत, ‘सोबत मंडळी’ आहेत. विहिरीच्या गाळाच्या पाट्या डोक्यावरून वाहणारी माझी आजी त्या १९५६ च्या ओळीत ‘मंडळी’त आहे.

याच जिल्ह्याशी नातं असलेल्या ज्या बायकांनी लेखणी हातात घेतली, त्यांचं मोल मला यामुळे जास्त वाटतं. रमाबाई रानडे अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा निरक्षर होत्या. न्यायमूर्तींनी त्यांना लिहायला शिकवलं. १८७८ मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली तेव्हा पुण्याच्या घरातल्या सोवळ्या बायकांच्या धाकापासून थोडं लांब, इथे रमाबाईंना मोकळा श्वास मिळाला. पुढे १९१० साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ आलं. न्यायमूर्तींचे निबंध फार थोड्यांनी वाचले; घरात वावरणारा, जेवणारा, रुसणारा माणूस लोकांना कळला तो रमाबाईंमुळे. लक्ष्मीबाई टिळक तर आमच्या शेजारच्याच, त्र्यंबकच्या वाटेवरच्या जलालपूरच्या, जन्म १८६८. सासऱ्याचा विक्षिप्तपणा, नवऱ्याचं धर्मांतर, ताटातूट, पुन्हा भेट, प्लेग, हे सगळं त्यांनी म्हातारपणी ‘स्मृतिचित्रे’त मांडलं. त्यांच्याजवळ रोजची वही नव्हती. त्यांची आठवणच तशी होती. अशी आठवण लाखात एखादीला असते. बाकीच्यांनी वही ठेवावी.

वही ठेवण्याची भीती वाटावी असाही काळ नाशिक शहरानं पाहिला. १९०९ साली बाबाराव सावरकरांना अटक झाली, घराची झडती झाली, आणि त्या झडतीत सापडलेले कागद पुढे सरकारच्या कामी आले. २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा खून झाला. मग नाशिक कटाचा खटला. ज्या घरात पोलीस कधीही येऊ शकतो, तिथे मनातलं कागदावर कोण उतरवील? भगूरचे विनायकराव सावरकर अंदमानात गेले, तिथे कागदही नव्हता. त्यांनी कोठडीच्या भिंतीवर ओळी कोरल्या आणि पाठ केल्या. लिहिण्याची भूक माणसाला कुठवर नेते, हे समजायला मला दुसरं उदाहरण लागत नाही.

तुरुंगाचा विषय निघालाच आहे तर नाशिक रोडच्या तुरुंगाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथली गोष्ट मला जवळची आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत, वसतिगृह सांभाळत, तेव्हा मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ काढत. छापलेलं नव्हे, हातानं लिहिलेलं, रोज. शाळा शिकवून, मुलांची आजारपणं काढून, तरी रोज. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते लिहून घेत. ‘गीता प्रवचने’ आपल्यापर्यंत पोचली ती या हातामुळे. मग नाशिकचा तुरुंग. १९३३ च्या फेब्रुवारीत, ९ तारखेला, गुरुवारी, त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली आणि सोमवारी, १३ तारखेला, हातावेगळी केली. दिवसा तुरुंगाचं काम, रात्री लिहिणं. पाच दिवसांत असं पुस्तक झालं याचं लोक नवल करतात, गुरुजींच्या कोमल मनाला त्याचं श्रेय देतात. मन तर होतंच. मला मात्र त्यामागे अमळनेरचं ते हातानं लिहिलेलं दैनिक दिसतं. रोज काही तरी लिहून मगच झोपायचं, हे ज्याच्या हाडात मुरलंय, त्याला वेळ आली की शब्द शोधावे लागत नाहीत.

वहीनं मला काय दिलं, हे लोक विचारतात. विशेषतः शेजारचे तरुण बागाईतदार, ज्यांच्या नोंदी आता मोबाईलमध्ये असतात. २०१४ च्या गारपिटीनंतर माझी काढणीला आलेली बाग जमिनीवर होती. त्या रात्री मी वहीत फक्त कर्जाचे आकडे लिहिले. सोसायटीचं इतकं, दुकानदाराचं इतकं, पाहुण्यांचं इतकं. बेरीज मोठीच होती, पण ती बेरीज होती. डोक्यात होती तोवर ती रोज रात्री वाढायची. कागदावर आली आणि तिथेच थांबली. त्या महिन्यात आमच्या शिवारातली काही माणसं मनानं पार खचली. वहीनं कुणी तरून जातं असं मी म्हणणार नाही. माझ्या बाबतीत मला झोप लागली, आणि सकाळी तुटलेले ओलांडे बघायला मी उठू शकलो. अमेरिकेतल्या जेम्स पेनबेकर आणि सॅन्ड्रा बील या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात जड प्रसंगाबद्दल घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही लिहायचं. ज्यांनी लिहिलं त्यांच्या पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. लिहून उठल्यावर लगेच मात्र त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं. हे मला अगदी पटतं. दादांबद्दल लिहिलं त्या रात्री मला बरं वाटलं नव्हतं.

तरुणांना मी एवढंच सांगतो: मोबाईलमध्ये ठेवा, कागदावर ठेवा, पण शेऱ्याचा रकाना गाळू नका. ॲपमध्ये औषधाचं नाव निवडायला यादी येते, प्रमाण आपोआप पडतं, आणि ‘विहिरीस पाणी लागले’ लिहायला जागाच नसते.

आता २०२७ चा सिंहस्थ येतोय. आमच्या घरातलं पान पुन्हा उघडेल आणि या खेपेला ते माझी बायको लिहिणार आहे, तसं ठरलंय. तिनं अट घातली आहे की ओळ बायकांपासून सुरू होईल: आई, आजी, पणजी, नाव आणि माहेर दोन्ही. आईचं नि आजीचं सासरचं नाव आम्हाला ठाऊक आहे. आजीचं माहेरचं नाव मात्र घरात कुणालाच सांगता येईना. तिला सगळे सासरच्याच नावानं ओळखत. तिची एक भाची ओझरला आहे, पंच्याऐंशीच्या पुढची, तिला आठवत असणार. मण्यांची विरळणी उरकली की आम्ही दोघं वही घेऊन तिच्याकडे जाणार आहोत.